आटपाट नगरातलं घर

पार्वताबाईनं मूठ उघडली, जवारीचे दाणे सुपात परत टाकले आणि लुगडं झटकत ती उठली.

"अवं, कुठी चालली?" माणिकबाई ओरडलीच. "कहाणी अर्धी हाये!"

"बाकीची उद्या सांगजो, बाई. मुकादम कवाचा हाका मारून राहिला, आयकू येत नाही का तुले?"

"उद्या सोमवार हाये!"

"मंग सोमवारची सांग." पार्वताबाईनं दारातली टोपली उचलली. "त्या दोघी जावांचं जे व्हायचं ते होईन. दुपारच्या कापूस येचणीले माणूस नाही भेटलं तं मुकादम तिवशाच्या बाया आणते. मंग आमी काय कहाण्या खायच्या?"

आणि गेलीसुद्धा. माणिकबाई सुपासमोर तशीच बसून राहिली. तिनं सकाळपासून पाण्यापलीकडे काही घेतलं नव्हतं, आणि भुकेल्या बाईला राग जरा जास्तच येतो. तिनं पार्वताबाईला, मुकादमाला, तिवशाच्या न पाहिलेल्या बायांना आणि अख्ख्या कापसाला एका दमात शिव्या घातल्या. मग व्रत आठवलं, तेव्हा कानाला हात लावला.

पौषातला शेवटचा आइतवार होता. कहाणीला सांगणारं एक तोंड लागतं आणि ऐकणारा एक हुंकार. ऐकणाऱ्यानं मुठीत दाणे धरायचे, वाक्यावाक्याला 'हूं' म्हणायचं आणि मधेच उठायचं नाही. उठलं की कहाणी मोडली, पुन्हा आटपाट नगरापासून सुरुवात. व्रत सूर्यनारायणाचं, म्हणून हे सगळं दिवस बुडायच्या आत. कहाणी झाली की सांगणारीनं आणि ऐकणारीनं नैवेद्याचा घास मिळून खायचा, तोही उजेडात. माणिकबाईच्या सासूनं, जयवंताबाईनं, हे नियम घालून दिले होते आणि सासू जाऊन इतकी वर्षं झाली तरी त्यातला एकही हलवायची माणिकबाईची छाती नव्हती.

"माय, मले सांग न," आतून शकुन म्हणाली. "मी देतो हुंकार."

"तुह्यासाठीच तं व्रत हाये, बाई. तुहा चालत नाही."

शकुनला आठवा महिना होता. दोन खेपा रिकाम्या गेल्या होत्या, म्हणून तिसऱ्या खेपेला माणिकबाईनं लेकीला आधीच माहेरी आणून ठेवलं आणि पौषाचे आइतवार धरले. आजवरचे सगळे आइतवार पार्वताबाईनं कसेबसे निभावले होते. कधी जांभया देत, कधी वाती वळत, पण 'हूं' म्हणत होती. आणि नेमक्या शेवटच्या आइतवारी कहाणी अर्ध्यावर टाकून बया वावरात गेली. आज व्रत मोडलं तर? पुढचं माणिकबाई मनातसुद्धा बोलली नाही. तिनं सूप उचललं, पदर डोक्यावर घेतला आणि ती ऐकणारं माणूस शोधायला निघाली.

माणूस असेल तर ना! कुठं सातासमुद्रापलीकडे गोऱ्यांची आपसात लढाई लागली होती म्हणे, आणि त्यापायी वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याची किंमत आली होती. ज्यांनी जन्मात वावराचा बांध ओलांडला नव्हता अशा म्हाताऱ्यासुद्धा ओटीत बोंडं भरत होत्या. घराघराला कड्या. माणिकबाईचा नवरा किसनराव गाड्या घेऊन अमरावतीला गेलेला. गल्लीत दोन कोंबड्या आणि एक कुत्रं, बस्स.

देवळाच्या पारावर गावनात्यानं सासरे लागणारे महादेवराव बसलेले दिसले. दात नाहीत, कामाला उपयोग नाही, म्हणून गावात उरलेले. माणिकबाईला अगदी देव भेटल्यासारखं झालं.

"मामंजी, कहाणी आयकता का?"

"आयकतो न! आपल्याले काय काम हाये?" महादेवरावांनी दाणे मुठीत घेतले.

माणिकबाईनं हात जोडले आणि सुरुवात केली. "आटपाट नगर होतं. तिथी दोन घरं होती, मधात भिंत. एका घरी थोरली जाऊ, एका घरी धाकली."

"कोणतं नगर?"

"आटपाट."

"ते कुठी आलं? अकोटाच्या इकडं का तिकडं?"

"मामंजी, ते कहाणीतलं नगर हाये. तुमी हूं म्हणा."

"कसा म्हणू? गाव मालूम नाही, आन हूं म्हणू?" म्हातारा हट्टाला पेटला. "नदी कोणती हाये तिथी? जमीन काळी का बरडी? कापूस होते का नाही?"

"होते! लय होते! म्हणा हूं!"

"मंग ते अकोटच हाये," महादेवराव समाधानानं म्हणाले. "मी गेलो होतो न अकोटले. सोबत आपले पंजाबराव होते. झालं काय, का रस्त्यात बैल सुटला..."

आणि सुरू! तो बैल एका गावातून दुसऱ्या गावात जाऊ लागला, त्या गावात पंजाबरावांची सोयरीक निघाली, त्या सोयऱ्याकडे वरणपोळीचं जेवण झालं. माणिकबाई उपाशीपोटी ते जेवण ऐकत राहिली. म्हातारा मधेमधे थांबून तिच्याकडे पाहायचा, आणि वडील माणूस थांबलंय म्हणून ती "हूं" म्हणायची. किती तरी वेळानं तिच्या ध्यानात आलं की कहाणी तिची होती आणि हुंकारही तीच देत बसली होती.

"मामंजी, माहे दाणे द्या," ती म्हणाली.

"अवं, बैल सापडाचा हाये अजून."

"सापडला तं बांधून ठेवा," असं म्हणून ती तरातरा निघाली. दिवस कलला होता.

गावाच्या तोंडाशी मैनाबाई माळीण भेटली. अमरावतीला भाजी विकून, रिकामी पाटी उलटी डोक्यावर घेऊन येत होती. माणिकबाईनं तिला हाताला धरून रस्त्याच्या कडेलाच बसवलं आणि सगळं सांगितलं. मैनाबाई स्वभावानं चांगली. तिनं दाणे घेतले, पण पाय असे ठेवले की उठायला सोपं पडावं.

"आटपाट नगर होतं. तिथी दोन घरं होती, मधात भिंत..."

"हूं. शेवट गोड होते न?"

"होते. आयक तं खरं. एका घरी थोरली जाऊ..."

"गोड होते न, मंग झालं! गोड झालं, हूं." मैनाबाईनं मूठ पुढं केली. "हे घे तुहे दाणे."

"अवं, आन मधलं?"

"मधलं सगळ्या बायांचं सारखंच असते, बाई. तेच तं भोगून राहिलो." ती कंबरेला हात लावून उठली. "पायटेपासून चालून राहिली. लेकरं उपाशी असतील घरी. शकुनले हे घे, मेथीची एक जुडी उरली हाये."

मेथीची जुडी सुपात टाकून ती गेली. माणिकबाईला रडू येईल असं वाटलं, पण आला तो रागच. एकाला गाव पाहिजे, कहाणी नको. दुसरीला शेवट पाहिजे, मधलं नको. तिसरीला काहीच नको, मुकादम पाहिजे. सासू सांगायची तेव्हा अंगणात पाय ठेवायला जागा नसायची, अन् एक माणूस जागचं हलत नसे. आता लोकांना झालंय तरी काय? एवढा कापूस विकून हे सगळे घेणार तरी काय आहेत? तिला स्वतःलाही कळत होतं की किसनरावांनी तर सगळ्यांआधी कापूस धरला होता. म्हणून ती जास्तच चिडली.

घरी आली तर शकुन दारात उभी. तिनं आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही, पोटावर हात ठेवून आत गेली. ते न विचारणंच माणिकबाईला लागलं.

अंगणात ऊन आता फक्त भिंतीवर उरलं होतं. ही भिंत दोन वर्षांपूर्वीची. कापसाचा भाव चढला तेव्हा किसनराव म्हणाले, सगळ्या वावरात पऱ्हाटी लावू. धाकटा शेषराव म्हणाला, जवारी कमी नाही करायची, उद्या कापूस खायचा का? एवढ्यावरून भाऊ वेगळे झाले, वावराचे दोन तुकडे झाले, आणि जयवंताबाईच्या अंगणातून डोक्याच्या वर जाईल एवढी मातीची भिंत गेली. वरून पावसासाठी पऱ्हाट्यांचं छप्पर. पलीकडे धाकटी जाऊ, गंगूबाई. शकुनच्या पहिल्या खेपेला भिंत नव्हती. तेव्हा गंगूबाई तिच्या उशापासून हलली नव्हती. दुसऱ्या खेपेला भिंत ओली होती आणि गंगूबाई आली नाही. तेव्हापासून माणिकबाई तिच्याशी बोलत नव्हती. तिचं जातं ऐकू यायचं, खोकला ऐकू यायचा, भाकरी थापल्याचा आवाजसुद्धा यायचा. पण नाही बोलायचं म्हणजे नाही.

भिंतीला लागून गाय बांधली होती. माणिकबाई तिच्यासमोर बसली.

"तूच आयक आता," ती गायीला म्हणाली. "तुले तं कोणी येचाले बोलावलं नाही न?"

तिनं चार दाणे गायीपुढं टाकले. ते गायीनं लगेच खाल्ले. माणिकबाईनं कपाळावर हात मारला, तरी हात जोडून सुरुवात केली, आणि मुद्दाम मोठ्यानं, कारण आता कोणी ऐको न ऐको, निदान देवानं तरी ऐकावं.

"आटपाट नगर होतं."

"हूं."

गाय चघळत होती. 'हूं' भिंतीपलीकडून आलं होतं. काही झालंच नाही अशा आवाजात माणिकबाईनं पुढं सांगितलं.

"तिथी दोन घरं होती. मधात भिंत."

पलीकडे सामसूम.

माणिकबाई थांबली. पुन्हा म्हणाली, "दोन घरं होती. मधात भिंत होती."

काही नाही. एक बारीक खोकला, म्हणजे माणूस गेलेलं नव्हतं. ऊन भिंतीवर वीतभर वर सरकलं.

"दोन घरं होती!" माणिकबाई ओरडली. "आता काय झालं? दातखीळ बसली का?"

"घर एक होतं," पलीकडून गंगूबाई म्हणाली.

दोन वर्षांनी ऐकलेला हा पहिला शब्द. माणिकबाईला बरं वाटायच्या ऐवजी अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे दोन वर्षं मूग गिळून बसायचं आणि तोंड उघडायचं ते चूक काढायला!

"मले शिकवते का कहाणी?"

"मी कायले शिकवू, जाऊबाई? आत्याबाईनं दोघींले इथंच बसवून सांगितली होती. घर एक होतं, आंगन एक होतं. म्हातारा उन्हात बसाले आला, तं थोरली म्हणे तिकडं बसा, धाकली म्हणे तिकडं बसा. भिंत असती तं तिकडं कुठी? तो एकीच्या आंगनात बसला असता आन कहाणी तिथंच सरली असती."

माणिकबाईनं बोटांवर मोजलं. आज दिवसभरात तीन वेळा तिनं दोन घरं सांगितली होती. पार्वताबाई तर महिनाभर ऐकत होती. महादेवरावांनी नदी विचारली, जमीन विचारली. भिंतीपाशी कोणीच अडलं नव्हतं.

"एक घर म्हणाले जीभ वळत नाही माही," ती म्हणाली. "भिंत काय म्या घातली?"

"मंग म्या घातली का? गारा तं दोघींनीच तुडवला. तुमी पाणी आणत होत्या, मी पाय मारत होती."

"आन शकुनच्या टायमाले? दोन हातावर होती तू! पोरगी वरडून राहिली होती, तुले आयकू गेलं नसन?"

"गेलं," गंगूबाई म्हणाली. "भिंतीले कान लावून उभी होती मी. तुमी एक हाक मारसान म्हणून वाट पाहून राहिली होती. आल्यावर तुमी दारातूनच लोटलं असतं तं?"

लोटलं असतं, हे माणिकबाईला पक्कं ठाऊक होतं. तेव्हा तिचा राग तसलाच होता. तिनं पदरानं नाक पुसलं. दारात शकुन येऊन उभी राहिली होती, चौकटीला धरून.

"माय," शकुन म्हणाली, "ऊन चाललं."

आता ऊन फक्त पऱ्हाट्यांच्या छपरावर होतं. माणिकबाई मांडी मोडून नीट बसली.

"आटपाट नगर होतं," ती म्हणाली. थांबली. मग एकदम बोलून मोकळी झाली, "तिथी एक घर होतं."

"हूं."

"त्या घरी दोन जावा होत्या. थोरली आन धाकली. आंगन एक, पण मनातून दोघींनी वाटून घेतलं होतं."

"हूं."

"पौषातली थंडी. सूर्यनारायण म्हाताऱ्याच्या रूपानं दारी आला. म्हणे, बाई, घडीभर उन्हात बसू द्या. थोरली म्हणे, तिकडं धाकलीच्या बाजूले बसा. धाकली म्हणे, तिकडं थोरलीच्या बाजूले बसा."

"हूं."

"म्हातारा इकडून तिकडं, तिकडून इकडं, हिंडून हिंडून थकला. म्हणे, इथी आंगन हाये, पण बसाले जागा नाही. निघून गेला. त्याच्यामागं ऊनही गेलं."

"हूं."

कहाणी आता आपल्या पायानं चालू लागली. महिनाभर ती दर आइतवारी लंगडत होती आणि माणिकबाईला वाटत होतं की दोष ऐकणारीचा आहे. घरात अंधार पडला, जवारीला बुरशी आली, लेकराच्या गोधड्या ओल्याच राहिल्या, लेकरू कुडकुडू लागलं. मग एकीनं मूठभर दाणे घेतले, दुसरीनं तांब्याभर पाणी, आणि दोघी म्हाताऱ्याला शोधायला निघाल्या. तो एका माळावर भेटला. म्हणे, येतो, पण बसवता कुठं? थोरली काही बोलली नाही, धाकली काही बोलली नाही. मग दोघी एकदमच म्हणाल्या, मधात बसा.

"हूं," गंगूबाई म्हणाली, आणि तो हुंकार फुटक्या मडक्यासारखा वाजला.

"म्हातारा आला, मधात बसला. आंगनभर ऊन पडलं. त्यांच्या लेकराच्या गोधड्या जशा वाळल्या, तशा सांगणारीच्या वाळो, आयकणारीच्या वाळो. ज्या लेकराची वाट पाहून राहिलो, त्याच्याही वाळो."

"हूं, हूं, हूं."

कहाणी झाली. माणिकबाई हात जोडून क्षणभर बसली आणि दुसऱ्याच क्षणी ताडकन उठली.

"अवं, घास! दिवस बुडून राहिला! वळसा घालून येईस्तोवर अंधार पडन. असं कर, उखळावर चढ!"

शकुननं नैवेद्याचं ताट आणून दिलं. माणिकबाई गायीच्या गव्हाणीवर चढली. पलीकडे खडबड झाली, छपरावरच्या पऱ्हाट्या बाजूला सरल्या, मातीची दोन ढेकळं गायीच्या पाठीवर पडली, आणि गंगूबाईचं डोकं वर आलं.

"केस किती पांढरे झाले वं तुहे," माणिकबाई म्हणाली.

"तुमचे काय काळे हायेत?"

"दाणे कुठी हायेत? मुठीत दाणे नसतील तं हुंकार फुकट जाते."

"हायेत न." गंगूबाईनं ओच्यातून एक फडकं काढलं आणि भिंतीवर ठेवलं. फडक्याला दाणे बांधून ओळीनं गाठी मारलेल्या होत्या, आणि आजचे दाणे तिच्या उजव्या मुठीत होते. तिच्या वावरातली जवारी, टपोरी.

माणिकबाईनं एक गाठ चाचपून पाहिली. मग दुसरी. पौषाच्या दर आइतवारची एक गाठ होती.

"पहिल्या आइतवारपासून आयकून राहिली का तू?"

"हो."

"दर बारीले दाणे धरून?"

"शकुनसाठी धरत होती."

"मंग एक आवाज द्यायले काय झालं होतं, मेले? तिकडं मी गावभर हिंडली! त्या म्हाताऱ्याचा बैल आयकला! गायीले कहाणी सांगाची वेळ आली माह्यावर!"

"हुंकार तोंडापर्यंत येत होता, जाऊबाई," गंगूबाई म्हणाली. "पण तुमी दर बारीले भिंत घालत होत्या. मी वाट पाहून राहिली होती."

माणिकबाईला याच्यावर खूप काही बोलायचं होतं. पण ऊन छपराच्या शेवटच्या काडीवर आलं होतं. शकुन खालून "माय, घास" म्हणून ओरडत होती, आणि गंगूबाईनं भिंतीवरून हात लांब करून ताटातला गुळभाकरीचा घास माणिकबाईच्या तोंडाशी धरलाही होता. सकाळपासून पोटात काही नव्हतं. तिनं तो घेतला, दुसरा घास गंगूबाईच्या तोंडात कोंबला, आणि तोंड भरलेलं असल्यामुळे तिला काही बोलता आलं नाही.